घडवलेले लाकूड : घरगुती सुतारकामाच्या अभ्यासात शिरताना

आषाढात दार चौकटीत अडकते आणि वैशाखात त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो. कोकणात हे घरोघरी चालते, देशावरही नवे नाही. बहुतेकांच्या लेखी हा दोष सुताराचा असतो, नाहीतर पावसाचा. घरासाठी लाकडी वस्तू घडवण्याच्या विद्येकडे येणाऱ्या वाचकाला मी आधी या दाराशीच थांबायला सांगतो. लाकूड तोडले, वाळवले, रंधले, त्याला पॉलिश केले, तरी ते हवेतला ओलावा घेत-सोडत राहते आणि त्याबरोबर फुगत-आकसत राहते. खुर्ची, कपाट, दार, पाळणा, पाट, देव्हारा यांच्या घडणीतल्या बहुतेक युक्त्या या हालचालीला वाट करून देण्यासाठी सुचलेल्या आहेत. नक्षी, शैली, काळ, मालकाची ऐपत हे सगळे पाहायचेच आहे. पण त्याआधी वस्तू कशी जोडली आहे ते पाहायला शिकले, तर बाकीचे आपोआप उलगडत जाते, असा माझा अनुभव आहे.

या अभ्यासाचे क्षेत्र मी घरापुरते धरतो. देवळांचे मंडप, गलबते, नांगर आणि बैलगाड्या, वाद्ये यांच्या सुतारकामाला स्वतंत्र परंपरा आहेत आणि त्यांचे अभ्यासकही वेगळे. इथे विषय आहे तो विशिष्ट घरासाठी, त्यात राहणाऱ्या विशिष्ट माणसांसाठी मापे घेऊन हाताने केलेल्या कामाचा. त्यात उचलून नेता येणारे सामान आणि घरातच बसवलेले काम असा भेद नव्या अभ्यासकाने सुरुवातीला करू नये. आपल्या जुन्या घरांत ही सीमा फार पुसट होती. फडताळ हे भिंतीच्या जाडीत बसवलेले कपाट, खुंट्या भिंत बांधतानाच चिणलेल्या, झोपाळा वरच्या तुळईच्या भरवशावर टांगलेला, देव्हारा कोनाड्याच्या मापाचा. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये आज जे ‘फर्निचर करून घेणे’ चालते, त्यातही निम्मे काम भिंतीला पक्केच असते. म्हणजे घर आणि सामान यांचा संबंध तुटलेला नाही. तो आपण नीट पाहिलेला मात्र नाही.

आता लाकडाकडे. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांची मोळी. ओलावा वाढला की या नळ्यांच्या भिंती जाड होतात, कमी झाला की बारीक. लांबी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून फळी लांबीत हलत नाही, रुंदीत हलते. रुंदीतही ती सगळीकडे सारखी हलत नाही. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत साधारण अडीच टक्के आकसतो, तर वर्षवलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेत त्याच्या दुप्पट, पाच-साडेपाच टक्के. फळी वाकते, पिळवटते, टोकाला चिरते, त्याच्या मुळाशी हा दुपटीचा फरक असतो. ओंडक्यातून फळी कशी कापून काढली यावर तिचे पुढचे वागणे ठरते ते याच कारणाने. फळीच्या टोकाकडून पाहा. वलयांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या दिसल्या तर ती फळी शांत राहील. त्या पसरट कमानीसारख्या दिसल्या तर वरच्या अंगाची नक्षी देखणी असेल, पण ती हलणारही जास्त.

आकडे कोरडे वाटू नयेत म्हणून ते सुताराच्या हिशेबात मांडतो. इंचाचे सूत आठ. लाकडातला ओलावा आठ टक्क्यांवरून सोळावर गेला, तर अशी कमानदार वलयांची १८ इंच रुंद सागाची फळी सुमारे दोन सूत फुगते. आठ टक्के हा आकडा चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या महिन्यांपासून फार दूर नाही आणि सोळा हा कोकणातल्या श्रावणापासून. मे महिन्यात चंद्रपूरला जोडलेले टेबल रत्नागिरीच्या ओटीवर जाऊन बसले, तर त्याच्या माथ्याला या दोन सुतांची जागा कुठेतरी मिळावीच लागेल. मिळाली नाही तर ती तो स्वतः करून घेतो: सांधा उघडून, फळी उचलून किंवा चिरून. भारतीय मानक क्रमांक २८७ मध्ये देशाचे हवामानानुसार चार विभाग पाडले आहेत आणि कुठे कुठल्या वस्तूच्या लाकडात किती ओलावा चालेल ते सांगितले आहे, तेही यासाठीच. सागाचे आकसणे इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने कमी असते आणि त्याच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवीही त्याला सहसा लागत नाही. पेशव्यांपासून आजच्या बिल्डरांपर्यंत सगळ्यांनी सागाला मान दिला, त्यात त्याच्या रंगापेक्षा या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

एखादे जुने पॅनेलचे दार जवळून पाहिले की हे सगळे हाताशी येते. दोन उभे दांडे, तीन-चार आडवे, त्यांची चौकट. चौकटीचे सांधे कुसूचे असतात: एका लाकडाच्या टोकाला चौकोनी जीभ ठेवायची, तिला कुसू म्हणतात, आणि दुसऱ्यात तिच्या मापाचे भोक पटाशीने पाडायचे. सांधा बसला की त्यातून आरपार लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकायची. चौकटीच्या आतल्या कडांना खोबण असते आणि पॅनेल त्या खोबणीत नुसते उभे असते. त्याला सरस नाही, खिळा नाही, दोन्ही अंगांना थोडी मोकळी जागा आहे. चौकटीचे दांडे अरुंद, म्हणून दाराच्या एकूण रुंदीत फरक थोडा पडतो. रुंद पॅनेल आतल्या आत हवे तसे फुगते आणि आकसते. दाराला पावसाळ्याच्या सुमारास पॉलिश झाले असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात पॅनेलच्या कडेला दोऱ्याएवढी फिकट रेघ उघडी पडते. तिथे पॉलिश पोचलेलेच नसते. घरमालक या रेघेवरून सुताराला बोल लावतात. वास्तविक ती रेघ दिसली म्हणजे दार नीट घडले आहे. जिथे पॅनेल चौकटीला चिकटवून टाकलेले असते तिथे अशी रेघ दिसत नाही. तिथे काही वर्षांनी पॅनेलच्या मधोमध चीर जाते.

हाच विचार पाटात आणखी साधेपणाने दिसतो. पाट ही एकच रुंद फळी. तिला खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर ती उभी राहते आणि त्याच तिला वाकू देत नाहीत. फळीचे तंतू एका दिशेला, पट्ट्यांचे काटकोनात दुसरीकडे. पट्ट्या दोन्ही टोकांना खिळ्यांनी घट्ट ठोकल्या, तर पट्टी लांबीत हलणार नाही आणि फळी रुंदीत हलणार, म्हणजे फळी फाटणार. जाणता सुतार पट्टीची वरची कड कबुतराच्या शेपटीसारखी पसरट करतो, फळीखाली तशाच आकाराची खाच पाडतो आणि पट्टी एका बाजूने सरकवत आत घालतो. फळीला धरूनही ठेवले आणि मोकळेही सोडले. तुमच्या घरात आजीच्या वेळचा पाट असेल तर तो उलटा करून पाहा. वरच्या बाजूला पितळेची फुले ठोकलेली असतील, रांगोळीसारखे कोरीव काम असेल, त्याची आपण वाखाणणी करतो. घडवणाऱ्याची अक्कल मात्र खालच्या बाजूला लिहिलेली असते.

या ज्ञानाची लेखी परंपरा आपल्याकडे आहे, पण तुटक. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या आणि आसने यांच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. पलंगासाठी चांगल्या लाकडांत तो शाक म्हणजे साग, शिंशपा, असन, काश्मरी म्हणजे आपली शिवण, अशी नावे घेतो. वीज पडलेले, वाऱ्याने किंवा पाण्याने उन्मळलेले, हत्तीने पाडलेले, मधाची पोळी आणि पाखरांची घरटी असलेले झाड घेऊ नये असे सांगतो. फळे सगळी शुभाशुभाच्या भाषेत आहेत आणि त्यांना ओढूनताणून आधुनिक विज्ञान म्हणण्याची गरज नाही. तरी हे ध्यानात घ्यावे की वादळाने वाकून मोडलेल्या खोडात बाहेरून न दिसणारे तंतू तुटलेले असतात, आणि जिथे ढोली आहे तिथे खोड आतून पोकळ असते. त्याच अध्यायात लाकडातल्या छिद्रांचे आकारावरून प्रकार पाडले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव सूकरनयन, डुकराचा डोळा. गळून पडलेल्या गाठीचे भोक ज्याने निरखून पाहिले आहे त्यालाच असे नाव सुचते. कुणीतरी सुतार या ग्रंथकाराच्या जवळ बसलेला होता, असे मला तो अध्याय वाचताना वाटत राहते.

इंग्रजी अमदानीत लाकडाची शास्त्रीय नोंद वनखात्यासाठी झाली. गॅम्बल यांचा भारतीय लाकडांवरचा ग्रंथ १८८१ मध्ये आला, डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये सुरू झाली आणि पिअर्सन व ब्राउन यांचे व्यापारी लाकडांवरचे दोन खंड १९३२ मध्ये निघाले. लाकूड ओळखायला ही पुस्तके अजून उपयोगी पडतात. मात्र त्यांत लाकूड आहे, सुतार जवळजवळ नाही. मराठीत गावच्या सुताराची ओळख करून घ्यायची तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’कडे जावे लागते. तिथे सुतार भेटतो तो बलुतेदार म्हणून: नांगर, कुळव, पाभर यांची घडण आणि दुरुस्ती करणारा, त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा घेणारा. शेतीची औजारे हे त्याचे बांधील काम. घराचे दार, पाळणा, पलंग यांचा हिशेब निराळा. औजारे घडवणारा हात आणि घरची वस्तू घडवणारा हात खेड्यात एकच होता, हे लक्षात ठेवले तर जुन्या घरगुती वस्तूंचा दणकटपणा समजतो. नांगराच्या मापाने विचार करणाऱ्याने पाळणा केला की तो तीन पिढ्या टिकतो.

लाकडांची निवड रेल्वे आणि ट्रक येईपर्यंत अंगणावर आणि जवळच्या रानावर ठरत असे. कोकणात फणसाचे लाकूड घरात सगळीकडे भेटते: नवे असताना पिवळेधमक, वर्षे गेली की गडद तपकिरी. तुळयांना ऐन आणि किंजळ. शिवण वजनाला हलकी आणि वाळल्यावर फारशी न हलणारी, म्हणून अंगावर उचलायच्या वस्तूंना चांगली. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण भुंगा लवकर लागतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी आणि लाखकाम यांसाठी मऊ पांगारा. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला तुळतुळीत करतात. देशावर बाभूळ औजारांना आणि घरच्या अवजड कामाला. सागाचे मोठे माहेर पूर्व विदर्भात, आलापल्ली-बल्लारपूरच्या बाजूला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग तिथूनच गेला. शनिवारवाड्याला मात्र जुन्नरकडचा साग लागला असे सांगतात. एखाद्या घरातली सगळी लाकडे ओळखता आली, तर त्या घराभोवती एकेकाळी कुठली झाडे होती आणि मालकाची पोच किती लांबवर होती, दोन्ही कळते. लाकूड ओळखणे हे या विषयातले अक्षरओळखीचे काम आहे, आणि ते पुस्तकावरून येत नाही. वखारीत जाऊन तुकडे हातात घ्यावे लागतात, ताजा काप हुंगावा लागतो, वजन जोखावे लागते. सागाच्या भुशाला चामड्यासारखा वास असतो. तो एकदा नाकात बसला की पॉलिशखालच्या लाकडाबद्दलही फसवणूक होत नाही.

घराचा विचार आता यात मिसळू. मराठी वाड्याचे मोजमाप खणांत होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच ते आठ फुटांचे. ते वरच्या कड्या किती लांबीच्या मिळतात आणि किती भार पेलतात यावर ठरे. दोन खणी खोली, पाच खणी माजघर, असे घर सांगितले जाई. म्हणजे घराचे मूळ माप लाकडानेच दिलेले होते, आणि त्या मापात फडताळाची रुंदी, झोपाळ्याची लांबी, दाराची जागा हे सगळे बसत गेले. वाड्याच्या खांबाला खाली दगडी उथळे असते, ते ओल लाकडात चढू नये म्हणून. वर हस्त असतो, तुळईचा भार त्याच्यावरून खांबावर उतरतो, आणि तिथेच केळफुलाच्या आकाराचे लोंबते कोरीव काम असते. पुण्याचा विश्रामबागवाडा, १८०७ मध्ये पुरा झालेला, याच्या दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे खांब पाहायला अजून लोक थांबतात. मी तिथे जाणाऱ्यांना सुचवतो की खांबाच्या नक्षीकडे पोटभर पाहून झाले की नजर वर न्यावी, खांब, हस्त आणि तुळई एकमेकांत कशी बसली आहेत ते पाहावे. मग केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकरांनी जमवलेल्या दारांमध्ये आणि गणेशपट्ट्यांमध्ये घरगुती सुतारकामाचा इतका ऐवज आहे की एका भेटीत दमायला होते. तिथली काही जुनी दारे बिजागरीवर टांगलेली नाहीत. दाराच्या कडेच्या फळीचेच वर-खाली गोल टोक ठेवले आहे आणि ते चौकटीतल्या व उंबऱ्यातल्या खळग्यांत फिरते. लोखंड महाग असलेल्या काळात ही सोय झाली, आणि गंजण्याचा प्रश्नच निघाला नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत एक वेगळीच वाट फुटली. शिसवाचे काळसर, अंगभर कोरलेले, युरोपीय बैठकीसाठी केलेले सामान तिथे तयार होऊ लागले आणि ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ओळखले गेले. पारशी, गुजराती, मराठी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ते गेले, साहेबांच्या बंगल्यांतही. बर्डवुड यांनी भारतीय कलाकारागिरीवरच्या १८८० च्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे, आणि अमीन जाफर यांच्या २००१ मधल्या अभ्यासात ब्रिटिश भारतातल्या फर्निचरचा मोठा आलेख सापडतो. सर ज. जी. कला महाविद्यालयाला १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या आणि लाकडावरचे कोरीव काम शाळेत शिकवण्याचा विषय झाले. गोव्यात हीच देवाणघेवाण दोन-अडीचशे वर्षे आधीपासून चालू होती. तिथे चर्चच्या वेदिकांपासून घरच्या खुर्च्यांपर्यंत पोर्तुगीज आकार आणि कोंकणी हात एकत्र आले. चांदोरसारख्या गावातल्या थोरल्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले दिसतात. त्या पट्ट्यांच्या खाचा इतक्या बारीक आहेत की एका खिडकीला किती हात लागले असतील याचा अंदाज करत उभे राहावेसे वाटते.

ब्लॅकवुडबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. त्यातले कोरीव काम थक्क करणारे आहे, पण पुष्कळ खुर्च्यांत ते बसणाऱ्याच्या पाठीला टोचते. वस्तू शरीरापासून सुटली की असे होते. या अभ्यासाचा शरीर हा दुसरा पाया आहे, आणि आपल्याकडे तो जमिनीवरच्या बैठकीपासून सुरू होतो. पाट, चौरंग, घडवंची, विळीचा पाट, ठेंगणा पलंग हे सगळे मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या हातापायांच्या पल्ल्यातले आहे. ते घडवणारा सुतारही जमिनीवर बसूनच काम करत असे, पायाने लाकूड दाबून धरून, वाकस आणि पटाशी चालवत. बसणारा आणि घडवणारा एकाच पातळीवर होते. टेबल-खुर्ची आली, तेव्हा घराची पातळी दीड फूट वर उचलली गेली. कपाटे उंच झाली, चूल ओट्यावर चढली.

ओट्याचेच उदाहरण घेऊ, कारण घरातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कामाच्या जागेची उंची बहुतेक वेळा तिथे काम न करणारा माणूस ठरवतो. पाच फूट उंचीची बाई सरळ उभी राहिली तर तिचे कोपर जमिनीपासून सदतीस-अडतीस इंचांवर असते. उभ्याने कामाची पातळी कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी, म्हणजे ३२-३३ इंच. तयार किचनचा ओटा सर्रास ३४ इंचांचा येतो. त्यावर पोळपाट ठेवला की लाटण्याची पातळी आणखी दोन इंच वर जाते, आणि पोळी लाटताना तर वरून जोर द्यायचा असतो. खांदे उचलून रोज दहा-वीस पोळ्या लाटणाऱ्या बाईला त्या तीन-चार इंचांची किंमत मानेत आणि दंडात मोजावी लागते. भारतीय शरीरांची मापे देबकुमार चक्रवर्ती यांनी गोळा केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तो ग्रंथ प्रत्येक आर्किटेक्टच्या टेबलावर असायला हवा. पण घरापुरते काम करणाऱ्या सुताराला सरासरी लागतच नाही. ज्या बाईसाठी ओटा करायचा तिला समोर उभे करून टेप लावला की झाले. मापाने करून घेतलेल्या कामाचे खरे मोल इथे आहे. लाकडाची जात आणि नक्षीची हौस पुरवणे ही त्यापुढची गोष्ट.

विसाव्या शतकाने या विद्येवर जे परिणाम केले त्यांतला एक फारसा कुणी लिहीत नाही: गोंदाचा. पूर्वी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला तो पदार्थ पाण्यात भिजवून, डब्यात मंद आचेवर वितळवून गरम असतानाच लावायचा. वास उग्र, थंड झाला की कामातून जातो, दमट हवेत सैल पडतो. म्हणून सुताराने सरसावर भरवसा कधी पुरा टाकला नाही. सांधा लाकडाच्या पकडीनेच उभा राहिला पाहिजे, सरस फक्त सोबतीला. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला. पांढरा, थंड, बाटलीतून ओतायचा, आणि लाकडापेक्षा घट्ट धरणारा. त्यापाठोपाठ प्लायवूड आणि सनमायका घरोघर पोचले. प्लायवूडमध्ये पातळ थर एकावर एक काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे त्याचे फुगणे-आकसणे जवळजवळ थांबते. ज्या हालचालीशी जुळवून घेण्यात सुतारकीची सगळी कसोटी होती, ती हालचालच नाहीशी झाली. याचे मला वाईट वाटते, तरी मी प्लायवूडला नावे ठेवणार नाही. लहान घरांत, थोड्या पैशांत कपाटे त्याच्यामुळे झाली, आणि तत्पूर्वी १९२३ पासून बाजारात आलेल्या गोदरेजच्या पोलादी कपाटांनीही ते काम केलेच होते. गमावले ते एवढेच की कुसू काढता न येणारा माणूसही कपाट करू शकतो, आणि मग कुसू काढणाऱ्याला वेगळे पैसे कुणी देत नाही. शिवाय सरसाचा सांधा उष्णता आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो. जुनी खुर्ची उसवून पुन्हा जोडता येते; फेव्हिकॉलचा सांधा सोडवताना लाकूडच फाटते. दुरुस्ती हा जुन्या वस्तूच्या आयुष्याचा भाग होता, नव्या वस्तूच्या आयुष्यात ती सहसा येत नाही.

लाकूड मिळणेही बदलले आहे. १९६४ च्या राज्याच्या कायद्याने झाडे तोडण्यावर नियंत्रण आणले, डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरच्या जंगलतोडीला मोठा लगाम बसला, म्यानमारने २०१४ मध्ये न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. हे सगळे व्हायलाच हवे होते. त्यामुळे आज आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग वखारींत जास्त दिसतो. तो लवकर वाढलेला असतो, त्यात गाभा कमी आणि बाहेरचा फिकट भाग जास्त. त्या फिकट भागाला वाळवी सोडत नाही. दुसरीकडे पाडलेल्या वाड्यांचे आणि चाळींचे जुने लाकूड जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या बाजारात, पुण्यात भवानी पेठेच्या आसपास विकले जाते. ते घ्यावे, पण एक समज मनातून काढून. शंभर वर्षांचे लाकूड ‘मेलेले’ असते, आता ते हलत नाही, असे विकणारा सांगतो. ते कमी हलते, थांबत नाही. त्याचेही पॅनेल खोबणीत मोकळेच ठेवावे लागते, आणि रंधा मारण्याआधी त्यात राहिलेले खिळे चुंबकाने शोधावे लागतात.

या विषयात येणाऱ्यांत वास्तुरचनेचे विद्यार्थी असतील, संग्रहालयात काम करणारे असतील, हाताने काही घडवू पाहणारे नोकरदार असतील, आणि मला मनापासून आशा आहे की सुतारांच्या घरातली मुले-मुलीही असतील. आजच्या साइटवर काम करणारे कारागीर पुष्कळदा उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, राजस्थानातून आलेले असतात. त्यांची आणि आपल्या गावच्या सुतारांची अवजारांची नावे, सांधे, हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम पुष्कळ बाकी आहे. ज्यांच्या हातात विद्या आहे त्यांना आपण माहिती पुरवणारे समजतो आणि लेखक म्हणून आपले नाव छापतो, ही सवय या क्षेत्राने तरी सोडावी. सुताराचा वेळ घेतला तर त्याची मजुरी द्यावी, आणि त्याने सांगितले ते त्याच्या नावावर नोंदवावे, त्याची हरकत नसेल तर.

सुरुवात कशी करावी असे कुणी विचारले तर मी घरातली एक वस्तू निवडायला सांगतो. महाग नको, नक्षीदार नको. फडताळाचे दार, पाट, जुनी पेटी, काहीही. तिची समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन रेखाटने करावीत, माप इंच आणि सुतांत लिहावे. फोटो काढावेत, पण रेखाटन केल्यावर, कारण काढताना डोळा जिथे अडतो तिथेच सांधा लपलेला असतो. मग वस्तू उलटी करावी. मागच्या आणि खालच्या बाजूला पॉलिश नसते, रंध्याच्या खुणा दिसतात, कधी सुताराने पेन्सिलने किंवा टोकाने ओढलेली मापाची रेघ शिल्लक असते. फळ्यांच्या टोकांना वलये कशी दिसतात ते काढून घ्यावे आणि गाभ्याची बाजू वर ठेवली आहे की खाली हे लिहावे. कुठे दुरुस्ती झाली, कुठले लाकूड नंतरचे, कुठला खिळा घडीव आणि कुठला कारखान्यातला, हे नोंदवावे. घरातल्या वयस्कर माणसाला ती वस्तू कुणी केली, कशाच्या बदल्यात केली, कुठे ठेवलेली असे आणि तिच्यावर कोण बसे, हे विचारावे. हेच माप मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा घ्यावे, आणि दोन्ही आकडे तारखेसह त्याच कागदावर लिहावेत.